ढगाळबिंदू

कुपीत पाणी आहे, पाण्यात साखळी.
दिसतं फक्त पाणी.
पस्तीस अंशांना ती पाण्याचा हात धरून असते,
सदतीसलाही,
अडतीसला सोडते,
आणि काचेमागची माझी अक्षरं
सायीखाली जातात.

दस्तूर बाई याला ढगाळबिंदू म्हणतात.
मी वहीत लिहिते: पीएच सात, मीठ नाही, अडतीस.

गार केलं की पुन्हा नितळ.
पहिल्या वर्षी मला यात काहीतरी फसवाफसवी वाटायची.
नासलेलं दूध कधी परत दूध झालंय?
हे होतं. दिवसातून चाळीसदा होतं,
कुरकुर न करता.

मग मीठ,
तराजूवर, चौथ्या दशांशापर्यंत.
पाणी मिठाच्या सरबराईत गुंतून जातं,
साखळीकडे बघायला त्याला सवड उरत नाही,
ती आधीच मिटते, आधीच पांढरी होते.
पण मीठ म्हणजे एकच मीठ नव्हे.
सल्फेट तिला लवकर घालवून देतं,
थायोसायनेट मात्र पदर धरून थांबवतं,
बस गं, एवढ्यात कुठे निघालीस.

हे बापाला सांगितलं तर तो म्हणाला,
त्यात काय नवीन?
आगरातही सगळं मीठ सारखं नसायचं.
आधी येतं ते जेवणाचं.
तळाशी राहतं ते कडू पाणी,
ते बांध फोडून खाडीला परत.

सव्वीस वर्षं भांडुपच्या मिठागरात
तो पाणी उन्हाला देत राहिला
आणि उरलेलं ओढत राहिला.
मी ते उरलेलं परत पाण्यात विरघळवते
आणि पगार घेते.
आता डॉक्टरनं त्याचं मीठ बंद केलंय.
आमटी चाखतो, माझ्याकडे बघतो,
काही बोलत नाही.

आम्लाची गोष्ट निराळी.
साखळीवर जागोजागी आम्लाचे गट,
साध्या पाण्यात ते आपापला प्रोटॉन टाकून बसतात,
उघडे, ऋणभारित, एकमेकांना लांब ठेवत,
लग्नघरात एकाच सतरंजीवर बसलेल्या
भांडलेल्या जावांसारखे.
दोन थेंब आम्ल घाला,
ज्याचा त्याचा प्रोटॉन परत येतो,
भांडायला कारण राहत नाही,
अंगाला अंग टेकतं
आणि पाणी नकोसं होतं.
पीएच चार: एकतीस.

एकतीस म्हणजे एसी बिघडलेली
मे महिन्यातली आमची खोली.
ती कुपी खिडकीत ठेवली तर
तापवायला यंत्र लागत नाही,
वडाळा पुरतं.

गेल्या मंगळवारी तपनचं सगळंच चुकत होतं.
पीएच सात, मीठ नाही, तरी पस्तीस.
पुन्हा पस्तीस.
त्यानं तापमापी बदलली, कुपी बदलली,
नवी साखळी काढली फ्रीजमधून,
रात्री साडेनऊला डोकं धरून स्टुलावर बसला.
आठ दिवसांवर प्रबंध.
म्हणाला, ताई, तीन अंश कुठून आले?

मी कॅनमधलं पाणी बोटावर घेतलं
आणि जिभेवर ठेवलं.
प्रयोगशाळेत असं करायचं नसतं,
दारावर तशी पाटी आहे, मीच लावलेली.

खाडी, मी म्हणाले.

ऊर्ध्वपातनाचं यंत्र शनिवारपासून बंद.
गंगारामनं न सांगता बोअरचं भरून ठेवलेलं,
वरून अमावास्येचं उधाण.
तपनला आधी पटेना.
मग मीटर बुडवला त्यानं, आकडा पाहिला,
आणि हसू लागला, एकटाच, बराच वेळ.

कॅन ओतून दिला. त्याचे चार दिवस गेले.
त्यातली एक कुपी मी ठेवून घेतली,
चिठ्ठीवर काय लिहावं कळेना.

पीएच सात.
मीठ: आहे, मोजलेलं नाही.

रविवारी बापाला दाखवीन.
मुठीत धरायला देईन.
त्याला थोडा ताप असतो संध्याकाळी,
बहुतेक पांढरी होईल.